कृष्णाखोऱ्यातील शेतीविद्या

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीच्या माळाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटरांवर, तोही केव्हा पडेल याचा भरवसा नसताना, सबंध वर्ष काढावे लागते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत जांभ्या दगडावरचे सदाहरित अरण्य आहे, पाटण-जावळीची भाताची खाचरे आहेत, कऱ्हाड-वाळव्याची पुरुषभर खोल काळी गाळजमीन व तीवरील उसाचे फड आहेत, तासगावची द्राक्षे आहेत, आणि त्यांच्यापलीकडे माण, आटपाडी, जत येथील उथळ, मुरमाड, ज्वारी-बाजरीचे व मेंढरांचे रानही आहे. इतके वैविध्य एका दिवसाच्या एसटीच्या प्रवासात दाखविणारा मुलूख शेतकीच्या विद्यार्थ्याला अन्यत्र क्वचितच लाभेल. आणि तरीही बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर जी चर्चा चालते ती महाविद्यालय कोणते, गुण किती लागतात आणि पुढे नोकरी कोणती, एवढ्यापुरतीच असते. कृषी व नवीकरणीय साधनसंपत्तीचे व्यवस्थापन यांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे वस्तुतः काय शिकणे, हे या दोन जिल्ह्यांच्या माती-पाण्याच्या आधाराने सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

या भागातील शेतकीशिक्षणाचा कारभार राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. १९६८ साली राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, पुढे त्याचे विभागवार चार विद्यापीठांत रूपांतर झाले, आणि पश्चिम महाराष्ट्राचे जिल्हे राहुरीच्या वाट्याला आले. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तीन कर्तव्ये एकाच संस्थेने पार पाडावीत, ही अमेरिकेतील कृषी विद्यापीठांपासून घेतलेली कल्पना त्यांच्या मुळाशी आहे. परंतु ज्या महात्म्याचे नाव या विद्यापीठाला दिले गेले, त्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, म्हणजे ऐन अवर्षणप्रवण प्रदेशातले, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. १८८३ साली लिहून पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी सरकारपुढे ज्या सूचना मांडल्या, त्यांत डोंगरउतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून ताली-बांध घालावेत, तळी-तलाव बांधून पाणी जमिनीत मुरवावे, जनावरांची व मेंढरांची निपज सुधारावी आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, हे सारे एका ओघात आलेले आहे. मृद्‌संधारण, जलसंधारण, पशुसंवर्धन आणि शिक्षण ही त्यांच्या दृष्टीने चार खाती नव्हती; एकाच रयतेच्या एकाच संसाराची ती अंगे होती.

आजचा अभ्यासक्रम अर्थातच खात्यांनी बनलेला आहे, आणि त्याला इलाज नाही, कारण ज्ञान वाढले की त्याचे विभाग पडतातच. चार वर्षांच्या बी.एस्सी. कृषी या पदवीत कृषिविद्या, मृदशास्त्र व कृषी रसायनशास्त्र, उद्यानविद्या, वनस्पती रोगशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती पैदासशास्त्र, पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, कृषी अर्थशास्त्र व विस्तार शिक्षण असे विषय विद्यार्थ्याला शिकावे लागतात. कऱ्हाड व कोल्हापूर येथे विद्यापीठाची स्वतःची महाविद्यालये आहेत, आणि खासगी संस्थांची संलग्न महाविद्यालयेही बरीच आहेत. त्यांखेरीज संशोधनकेंद्रांचे एक जाळे या मुलखात आहे. महाबळेश्वरास गव्हावरील तांबेऱ्याचा अभ्यास करणारे केंद्र आहे, कारण तेथील थंड व दमट हवेत तो रोग पोसून त्याच्या आक्रमणाला कोणते वाण तोंड देतात याची परीक्षा करता येते. फलटण तालुक्यात नीरेच्या काठी पाडेगावला मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे, आणि सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळद, सोयाबीन व क्षारपड जमीन यांवर काम करणारे केंद्र आहे. प्रत्येक केंद्राचे स्थान तेथील हवामानाने किंवा तेथील दुखण्याने ठरविलेले आहे, हे विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी ध्यानात घेतले पाहिजे.

माती, पाणी, गवत, वन, वारा, सूर्यप्रकाश यांना आपण नवीकरणीय म्हणतो, कारण वापरूनही ती पुन्हा भरून निघतात. मात्र हे भरून निघणे दोन गोष्टींवर अवलंबून असते: त्याला एक गती असते आणि त्याच्या काही अटी असतात. पावसाळ्यात विहीर भरते, पण बेसाल्टच्या कठीण खडकात पाणी साठविण्याजोगी पोकळी फारच थोडी, बहुधा शेकड्यात एक-दोन भागांइतकी असल्यामुळे, उपसा वाढला की ती डिसेंबरातच तळ गाठते. सुपीक मातीचा इंचभर थर तयार होण्यास शतके लागतात, आणि उताराची जमीन बांधाविना नांगरली तर तो थर काही पावसाळ्यांत जातो. ही गती मोजणे व या अटी ओळखणे हाच या विद्येचा गाभा आहे. एकरी उत्पादन किती निघाले हा तिचा एक प्रश्न झाला; तेच उत्पादन वीस वर्षांनी त्याच जमिनीतून निघेल काय, हा त्याच्याइतकाच तोलामोलाचा दुसरा प्रश्न आहे.

हा दुसरा प्रश्न किती जुना आहे आणि त्याची हेळसांड किती महाग पडली आहे, हे सांगण्यासाठी नीरा खोऱ्याचा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. पुणे जिल्ह्यात नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पाटपाणी आले, ऊस आला, गुऱ्हाळे सुरू झाली. आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत कालव्याखालच्या सखल शेतांत क्षारांचे पांढरे फूल उमटू लागले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतकीचा वर्ग १८७९ पासून होताच. १९०७ च्या सुमारास त्याचे स्वतंत्र शेतकी महाविद्यालयात रूपांतर होऊ लागले, आणि हॅरॉल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ, जे त्याआधी आसाम-बंगालकडील चहाच्या मळ्यांचे संशोधन करीत होते, तेथे प्राचार्य म्हणून आले. मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे त्यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाणी अतोनात दिले गेले, निचऱ्याची सोय झाली नाही, भूजलाची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षार वर आले, ही कारणमीमांसा त्या काळापासून शास्त्राला ठाऊक आहे.

ही क्रिया घडते कशी, ते पाहू. नदीचे पाणी गोडे असले तरी त्यात काही क्षार विरघळलेले असतातच. समजा, एका लिटर पाण्यात केवळ ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत, आणि एका हेक्टर उसाला वर्षभरात पाटाने एकूण २,५०० मिलिमीटर पाणी दिले गेले. हे पाणी २५,००० घनमीटर होते आणि त्याच्याबरोबर साडेसात टन क्षार त्या एका हेक्टरात येऊन पडतात. ऊस पाणी पितो, सूर्य पाणी उडवितो, क्षारांना मात्र कोणी उडवीत नाही. जमीन मोकळी व उताराची असेल तर पावसाळ्याचे पाणी त्यांना धुऊन खाली नेते. कृष्णाकाठची काळी माती मात्र अशा चिकणमातीच्या कणांची बनलेली आहे की जे भिजले की फुगतात आणि पाण्याची वाट बुजवून टाकतात. तिच्यात वाफसा येण्यास उशीर लागतो, आणि तिच्या पोटात साचलेले पाणी जागचे हलत नाही. भूजल जमिनीच्या पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आले म्हणजे केशाकर्षणाने ते वर चढते, उन्हात उडून जाते, आणि क्षार तेवढे माथ्यावर राहतात. एवढ्यावर थांबले तर ती जमीन क्षारयुक्त झाली असे म्हणतात, आणि ती धुऊन सुधारता येते. परंतु क्षारांतील सोडियम जर चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमला हुसकून स्वतः तेथे जाऊन बसला, तर कण सुटे होऊन मातीची घडणच मोडते. पाऊस पडला तर चिखल आणि ऊन पडले तर दगड, अशी तिची अवस्था होते. यालाच आपल्याकडे चोपण म्हणतात. प्रयोगशाळेत सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ च्या वर आढळला की ती चोपण ठरते. शेतकरी मात्र पायाखालच्या स्पर्शाने आणि उगवणीच्या विरळपणाने ते वर्षभर आधी ओळखतो.

नीरेच्या अनुभवानंतर सरकारला जाग आली आणि दख्खनच्या कालव्यांखालील जमिनींच्या प्रश्नांसाठी १९३२ साली पाडेगावचे केंद्र स्थापन झाले. तेथे बसू आणि सिरूर या मृदशास्त्रज्ञांनी नीरेच्या उजव्या कालव्यावरील व प्रवरेच्या कालव्यावरील जमिनींचे सर्वेक्षण केले आणि ते १९३८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी जमिनीचा केवळ वरचा थर न पाहता खड्डे खणून तिचा उभा छेद पाहिला, थरांचा क्रम, चुनखडीचे प्रमाण व क्षारांचा साठा नोंदविला, आणि त्यावरून कोणत्या जमिनीला किती पाणी सोसेल याचे प्रकार पाडले. माझ्या मते महाराष्ट्रातील शेतीविज्ञानाच्या इतिहासात याहून मोलाची कामगिरी थोडी आहे. आणि कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला ती नावानेही ठाऊक नसावी, ही खेदाची गोष्ट आहे. पाडेगावचे नाव आज सर्वतोमुखी आहे ते उसाच्या वाणांमुळे. १९९६ साली शिफारस झालेल्या को ८६०३२ म्हणजे ‘नीरा’ या वाणाने कारखान्यांचे व शेतकऱ्यांचे अर्थकारण बदलले, आणि फुले २६५ हा वाण क्षारपड जमिनीतही तग धरतो म्हणून लोकप्रिय झाला. वाणाचे हे यश खरोखर मोठे आहे. परंतु बिघडलेल्या जमिनीत तग धरणारा ऊस मिळाला म्हणून जमीन बिघडू देण्यास कोणी मोकळा होत नाही.

दुर्दैवाने कृष्णाकाठी नेमके तेच घडले. कोयना धरणाचे पाणी १९६० च्या दशकात हाती आले. कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळू लागल्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली. गावोगावी वीज आली. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना, सांगलीचा वसंतदादांचा कारखाना, साखराळ्याचा राजारामबापूंचा कारखाना असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि सहकारी उपसा जलसिंचन योजनांनी नदीचे पाणी मैलोगणती आत नेले. ज्या पिढीने हे केले तिचे कर्तृत्व असामान्य होते, याविषयी दुमत नाही. जिराईत खातेदार बागाईतदार झाला, त्याची मुले शिकली. परंतु नीरा खोऱ्यातील १९१० सालची पुस्तिका इंग्रजीत होती आणि शेतकी खात्याच्या दफ्तरात होती. ती कृष्णाकाठच्या गावसभेपुढे कधी वाचली गेली नाही. परिणामी वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांतील आणि शेजारच्या शिरोळमधील उत्तमोत्तम गाळजमिनींत चिबड, म्हणजे पाणी तुंबून राहणे, आणि चोपण यांचा शिरकाव झाला, आणि एके काळी आडसाली उसाचे विक्रम करणारी शेते बाभूळबनाखाली गेली.

या दुखण्यावर उपाय आहे, आणि कसबे डिग्रजच्या केंद्राने व त्या परिसरातील गावांनी तो जमिनीवर करून दाखविला आहे. जमिनीत मीटर-सव्वामीटर खोलीवर सच्छिद्र नळ्यांच्या समांतर ओळी घालायच्या, त्यांभोवती गाळणी असावी म्हणजे माती आत शिरत नाही. या ओळी एका मोठ्या नळीला जोडून ते पाणी ओढ्यात सोडायचे. यालाच भूमिगत निचरा पद्धती म्हणतात. माती चोपण असेल तर जिप्सम घालायचे. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर बाहेर जातो. त्यानंतर धैंच्यासारखे हिरवळीचे पीक गाडून सेंद्रिय पदार्थ वाढवायचे. यातला क्रम महत्त्वाचा आहे: निचऱ्याची सोय न करता जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय, आणि तसे करणारे शेतकरी अजून भेटतात.

परंतु या उपायाची खरी अडचण रसायनात नसून शेजाराशेजारात आहे. माझ्या शेतातील निचऱ्याची नळी ओढ्यापर्यंत जायची तर ती दहा जणांच्या मेरा ओलांडून जाणार. वरच्या शेतकऱ्याने पाटाने पाणी सोडणे चालू ठेवले तर खालच्याचे शेत पाझरतच राहणार. ओढा गाळाने व अतिक्रमणाने बुजलेला असेल तर सगळ्या गावाचा निचरा तुंबणार. म्हणून हे काम पन्नास-शंभर एकरांच्या सलग पट्ट्यावर, सर्व खातेदारांच्या संमतीने व त्यांच्या सामायिक खर्चानेच होऊ शकते. मृदशास्त्राचा विद्यार्थी सामू व विद्युतवाहकता मोजू शकेल, अभियांत्रिकीचा विद्यार्थी नळ्यांमधले अंतर काढू शकेल, परंतु भावकीच्या वादातून त्या दहा जणांना एका कागदावर सह्या करायला बसविणे ही विद्या त्याला विस्तार शिक्षणाच्या व ग्रामीण समाजशास्त्राच्या तासालाच मिळाली पाहिजे. परीक्षेत हलके समजले जाणारे हे विषय शेतात सर्वांत जड ठरतात.

आता पाण्याकडे वळू. कोयनेचे पाणी या मुलखाला दोन रूपांत भेटते. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या, म्हणजे बच्छावत लवादाच्या, निवाड्यानुसार वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर, पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरविण्याची मुभा आहे. त्या उतारावर त्याची वीज होते आणि मग ते वाशिष्ठीमार्गे समुद्राला मिळते. उरलेले पाणी पूर्वेस कृष्णेत येते. पश्चिमेस गेलेला प्रत्येक घनफूट वीज निर्माण करतो. पूर्वेकडे आलेला घनफूट ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांमधून टप्प्याटप्प्याने वर उचलून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जतपर्यंत न्यायचा तर तो वीज खातो. टेंभू हे समाजसुधारक आगरकरांचे जन्मगाव. त्या गावाजवळ उचललेले पाणी आज दुष्काळी माळावर डाळिंबाच्या बागा पोसते आहे, ही गोष्ट त्या सुधारकाला निश्चित आवडली असती. पण विजेचे बिल कोणी भरावयाचे यावर या योजनांच्या पंपांचे चालणे अवलंबून असते, आणि म्हणून पाणी व ऊर्जा यांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा लागतो. त्यात चाळकेवाडी व वनकुसवड्याच्या पठारांवर आणि सांगलीच्या ढालगाव परिसरात फिरणाऱ्या पवनचक्क्या आल्या, त्यात कारखान्यात जळणारी बगॅसही आली. शंभर किलो उसातून सुमारे तीस किलो ओली बगॅस, चार किलोच्या आसपास मळी आणि तीन-चार किलो प्रेसमड निघते; बगॅसपासून वीज, मळीपासून इथेनॉल व प्रेसमडपासून खत होते. मात्र शेतात राहिलेले पाचट जाळून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी अजून चालू आहे; ते सरीत पसरले तर खोडव्याला ओल टिकते व सेंद्रिय कर्ब वाढतो, इतका साधा धडा गावाने गिरविण्यास इतकी वर्षे लागावीत, हे मनाला लागते.

ऊर्जेचा असा तालुकावार हिशेब मांडण्याची दृष्टी या भागात एका लहान संस्थेने दिली. बनबिहारी विष्णू निंबकर हे अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेऊन फलटणला आले आणि १९६८ साली, म्हणजे कृषी विद्यापीठाच्याच वर्षी, त्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. काटे नसलेली करडई, गोड ज्वारी, आणि सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून सिद्ध केलेली ‘सुवर्णा’ मेंढी ही त्या संस्थेची कामे होत. १९८१ साली फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेत डॉक्टरेट घेतलेले अनिल राजवंशी तेथे आले आणि त्यांनी गोड ज्वारीपासून अल्कोहोल, शेतातील काडीकचऱ्यापासून वायू, असे प्रयोग करीत असतानाच एका तालुक्याला लागणारी ऊर्जा त्या तालुक्याच्या शेतातूनच निघू शकेल काय, याचा फलटण तालुक्यापुरता अभ्यास केला. विद्यापीठाबाहेर राहूनही विद्यापीठीय दर्जाचे काम होते, याचे हे उदाहरण आहे; आणि माळरानावर करडई व मेंढी हीच नैसर्गिक संपत्ती आहे हे ओळखणे हा त्यातला मोठा भाग आहे.

कारण या दोन जिल्ह्यांचा पूर्वभाग मुळात गवताचा आहे. खिल्लार बैल व माडग्याळची मेंढी या जाती त्या गवतावर घडल्या. मारवेल, पवन्या ही चांगली गवते बी धरण्यापूर्वीच चरून गेली की त्यांच्या जागी कुसळी येते, आणि कुसळीनंतर उघडा मुरूम. गायरान वर्षातून काही महिने राखले तर दोन-तीन पावसाळ्यांत चांगले गवत परत येते. नवीकरणाची गती व अटी यांचा इतका उघड धडा दुसरा नसेल, परंतु पदवीच्या अभ्यासक्रमात उसाला जेवढे स्थान आहे त्याच्या मानाने कुरणाला अगदीच थोडे मिळते. हे बदलले पाहिजे असे मी आग्रहाने म्हणेन.

येरळा नदीच्या काठी, खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडी या गावांनी १९८० च्या दशकात जे केले त्याचाही समावेश पाठ्यपुस्तकात व्हावयास हवा. नदीपात्रातील वाळू ही पाण्याची साठवणच असते. वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत पुराचे पाणी राहते व काठच्या विहिरींना झिरपते. ठेकेदारांनी वाळू उपसल्यावर विहिरी आटल्या, तेव्हा मुक्ती संघर्ष चळवळीने आग्रह धरला की वाळूचा मर्यादित उपसा गावकऱ्यांनीच करावा आणि त्या पैशातून धरण बांधावे. लोकविज्ञानाच्या कार्यकर्त्यांनी व के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांनी साह्य केले, सरकारशी मोठा झगडा झाला, आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्यातील पाण्यावर भूमिहीनांसह सर्व कुटुंबांचा हक्क मानला गेला. पुढे १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी वाटपाची हीच मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी केली. जलशास्त्र व न्याय यांची इतकी स्पष्ट सांगड कोणत्याही परदेशी ग्रंथात शोधण्याची गरज नाही.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचाही येथे उल्लेख करतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळील घट्ट मातीत खणलेल्या या बंद भुयारांत प्राणवायू संपल्यावर कीड जगत नसे, आणि विजेचा एक दिवाही न लावता हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या साठवणीचे हे स्वस्त शास्त्र मात्र मोजमाप घेऊन नीट लिहून ठेवण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे असे आहे.

श्रम आणि अध्ययन यांची फारकत करू नये हा विचार या मातीला नवा नाही. किर्लोस्कर व ओगले यांच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले शेतावर राबून शिकली. त्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा दूरचा वारसा आजच्या कृषी पदवीतील ग्रामीण कृषी कार्यानुभवात आहे. अंतिम वर्षी विद्यार्थी एका गावात जाऊन राहतात. मुलांना कृषिदूत व मुलींना कृषिकन्या म्हणतात. ते बीजप्रक्रिया, माती नमुना घेणे, फळमाशीचे सापळे अशी प्रात्यक्षिके करून दाखवतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, अहवाल सादर होतो, आणि पुढच्या वर्षी दुसरी तुकडी दुसऱ्या गावी जाऊन तेच पहिल्यापासून करते. या मुलांपैकी अनेकांच्या मनात त्या वेळी स्पर्धा परीक्षेची तयारी चाललेली असते, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण कोरडवाहू पाच एकरांवर घर चालत नाही हे ते स्वतःच्या घरी पाहून आलेले असतात. उद्या ते तलाठी, तहसीलदार किंवा कृषी अधिकारी झाले तरी माती-पाण्याचाच कारभार त्यांच्या हाती येणार आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील पाच-सहा गावे कायमची पत्करावीत, आणि कृषिदूतांच्या प्रत्येक तुकडीने त्याच गावांत त्याच नेमलेल्या विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या तोंडी मोजावी, त्याच शेतांचा सामू व विद्युतवाहकता तपासावी, गायरानावर कोणते गवत उरले ते लिहावे, कोणी निचरा केला, कोणी ठिबक बसविले, कोणाचा ऊस पिवळा पडला त्याची नोंद सातबाऱ्याच्या गट क्रमांकासह मराठीत करावी, ती दरसाल ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी, आणि नंतर ती वही पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावी. याला खर्च फारसा नाही. विद्युतवाहकता मोजण्याचे यंत्र आणि मोजपट्टी लावलेली दोरी कोणत्याही महाविद्यालयात आजच आहे. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की भूजल कोणत्या शिवारात वर येते आहे हे पांढरे फूल उमटण्याच्या आधी दिसू लागेल, आणि त्या शिवारातील पाण्याचे पाळीपत्रक बदलण्याचा विषय कारखान्याच्या शेतकी कचेरीत व पाणीवापर संस्थेच्या बैठकीत आकड्यांनिशी मांडता येईल.